थंडीत विझणारा हिरवा ठिपका

घरी भिंतीवर डोळे दिपवणारा माझ्या लेझरचा हिरवा ठिपका जंगलात गेल्यावर दिसेनासा झाला, तेव्हा मला आधी वाटलं की सेल संपले. नोव्हेंबरमधला रविवार, सकाळचे साडेनऊ, तापमान तीन अंश. पानांवर दव गोठलेलं. खिशातले नवे सेल काढून घातले, तरीही तेच. हात लांब करून समोरच्या झाडाच्या बुंध्यावर रोखला तर मरगळलेला, पिवळट हिरवा डाग दिसायचा आणि पाच-सहा सेकंदांत तोही फिका पडायचा. दुपारी जेवायच्या वेळी तो लेझर जॅकेटच्या आतल्या खिशात राहिला होता. बाहेर काढून सहज लावला तर पुन्हा पहिल्यासारखा लखलखीत! म्हणजे सेल ठीक होते. थंडीचं काहीतरी होतं.

आम्ही इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला राहतो. तिथून पाऊण तासावर एक जंगल आहे, त्यात शिपिंग कंटेनर रचून केलेली एक छोटी वस्तीही आहे, आणि महिन्यातून दोन रविवार तिथे एअरसॉफ्टचे खेळ होतात. मी आणि माझा सोळा वर्षांचा मुलगा तीन वर्षांपासून जातोय. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बंदुकीतून ६ मिलिमीटर व्यासाची प्लास्टिकची गोळी सुटते, तिला बीबी म्हणतात. साधारण ०.२० ग्रॅम वजनाची. ब्रिटिश कायद्यात २०१७ पासून गोळीच्या ऊर्जेची मर्यादा ठरलेली आहे: सलग गोळ्या सोडणाऱ्या बंदुकीला १.३ जूल, एकेक सोडणारीला २.५ जूल. बहुतेक मैदानं त्याहूनही कडक असतात. आमच्याकडे ०.२० ग्रॅमच्या बीबीला सेकंदाला ३५० फूट, म्हणजे १.१४ जूल. खेळाच्या दिवशी सकाळी प्रत्येकाच्या बंदुकीचा वेग यंत्रावर मोजतात. गोळी लागली की ज्याला लागली त्यानेच हात वर करून ‘हिट’ म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. गोळी लागली का ते पंच ठरवत नाही, सगळा खेळ प्रामाणिकपणावर चालतो. मला तो आवडतो त्याचं मोठं कारण हेच.

आता लेझर कशाला हवा, तर चाळिशीमुळे. माझं वय सेहेचाळीस. पिस्तुलावर मागे एक खाच असते आणि नळीच्या टोकाशी माशी. खाचेतून माशी बघायची आणि माशीच्या टोकावर समोरचा माणूस. पूर्वी हे न कळत व्हायचं. दोन वर्षांपूर्वी माशी धूसर दिसायला लागली. चष्म्याच्या खालच्या भागातून बघावं तर माशी स्पष्ट, पण माणूस पुसट. वरच्या भागातून बघावं तर उलट. त्यात चष्म्यावर गॉगल, गॉगलखाली श्वासाची वाफ. नंबर काढणाऱ्या बाई म्हणाल्या, या वयात असं होणारच. मग विचार केला की नेम नळीवर बघण्याऐवजी समोरच दिसला तर? लेझरचा ठिपका जिथे, गोळी तिथे. डोळ्यांनी एकच अंतर बघायचं.

लाल की हिरवा, हा प्रश्न मला पाच मिनिटांत सुटला असं वाटलं. माणसाचा डोळा उजेडात ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या पिवळसर हिरव्या रंगाला सगळ्यात जास्त दाद देतो. लाल पॉइंटरचा ६५० नॅनोमीटरचा प्रकाश त्या मानाने जेमतेम एक दशांश प्रभावी. हिरवा ५३२ चा प्रकाश मात्र ८८ टक्के. म्हणजे दोघांची ताकद सारखी असली तरी हिरवा आठ पट उजळ दिसतो. मग लाल कशाला घ्यायचा? ऑनलाइन एकोणीस पौंडांचा हिरवा लेझर मागवला. पितळी अंग, वर काळा रंग, पिस्तुलाच्या नळीखालच्या २० मिलिमीटरच्या रेलवर, म्हणजे खाचांच्या पट्टीवर, दोन स्क्रूंनी बसणारा. पिवळ्या स्टिकरवर छापलं होतं ‘५ मिलिवॉटपेक्षा कमी’. बाकी कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, तरंगलांबी नाही. तेव्हा मी तिकडे लक्षच दिलं नाही.

थंडीतला तो प्रकार झाल्यावर मी माझ्या एका मित्राला फोन केला. तो मूळचा नागपूरचा, इथल्या एका विद्यापीठात प्रकाशशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो. किंमत ऐकल्याबरोबर त्याने विचारलं, ‘काहून घेतलं बे असलं? पोरावर रोखला नाही ना?’ मी गप्प झालो. कारण घरी पहिल्या दिवशी मुलाने हौसेने तो हातात धरून दिवाणखान्यात सगळीकडे फिरवला होता. काचेवर, टीव्हीवर, फ्रिजच्या स्टीलवर.

पुढच्या शनिवारी तो घरी आला, येताना प्रयोगशाळेतले संरक्षक चष्मे घेऊन. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मोजमाप संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१० साली स्वस्त हिरव्या लेझरवर एक छोटा अहवाल लिहिला होता आणि घरच्या घरी करता येईल अशी चाचणी दिली होती. लागतं काय? जुनी सीडी, कॅमेरा आणि टीव्हीचा रिमोट. रिमोट एवढ्यासाठी की आपला कॅमेरा अदृश्य इन्फ्रारेड बघू शकतो का ते आधी कळावं. फोनच्या मागच्या कॅमेऱ्याला रिमोटचा दिवा दिसला नाही, पुढच्या सेल्फीच्या कॅमेऱ्याला मात्र जांभळट दिसला. मग तोच वापरायचा ठरलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही मांडामांड केली. पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून त्यातून लेझर सीडीवर सोडला. सीडी कपड्यांच्या चिमट्यांनी उभी केलेली. सीडीवरच्या रेघा एकमेकींपासून १.६ मायक्रॉनवर असतात, त्या प्रकाश फोडतात, आणि वेगवेगळ्या तरंगलांबीचे ठिपके वेगवेगळ्या जागी पडतात. समोरच्या कागदावर ओळीने हिरवे ठिपके उमटले. आमच्या डोळ्यांना एवढंच दिसत होतं. पण फोनच्या पडद्यावर पहिल्या आणि दुसऱ्या हिरव्या ठिपक्याच्या जवळजवळ मधोमध आणखी एक ठिपका होता. जांभळट पांढरा, ठसठशीत. कागदाकडे बघितलं तर तिथे काहीच नाही, कागद कोराच. पुन्हा पडद्यावर बघितलं तर होता. मी त्या जागी बोट ठेवलं. पडद्यावर माझ्या नखावर तो ठिपका आला, आणि नखाकडे बघितलं तर नख नेहमीसारखंच. मुलगा मागे उभा होता, तो हळूच म्हणाला, ‘बाबा, हे मी परवा सगळीकडे फिरवत होतो.’

मित्राने सांगितलं ते मला नीट समजलं तसं लिहितो, कारण हिरवा लेझर घेणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं. लाल पॉइंटरमध्ये डायोड थेट लाल प्रकाश देतो. जुन्या पद्धतीच्या हिरव्यात मात्र हिरवा प्रकाश देणारा डायोडच नसतो. आत एक इन्फ्रारेड डायोड असतो, ८०८ नॅनोमीटरचा. तो निओडिमियम मिसळलेल्या व्हॅनेडेटच्या स्फटिकावर मारा करतो. त्या स्फटिकातून १०६४ नॅनोमीटरचा, तोही अदृश्यच, प्रकाश निघतो. मग केटीपी नावाच्या दुसऱ्या स्फटिकातून जाताना त्याची वारंवारता दुप्पट होते, तरंगलांबी निम्मी होते, आणि ५३२ चा हिरवा बाहेर पडतो. म्हणजे हिरव्याच्या मागे दोन अदृश्य प्रकाश कायम असतात. चांगल्या लेझरमध्ये शेवटी त्यांना अडवणारी एक छोटी गाळणी असते. स्वस्तात पैसे वाचवायला बऱ्याचदा तीच काढतात. कॅमेऱ्यात दिसला तो ८०८ चा. १०६४ चा ठिपका सीडीवरून नेमका दुसऱ्या हिरव्या ठिपक्यावरच पडतो, कारण दोनदा ५३२ म्हणजेच १०६४. तो तिथे लपतो.

आणि थंडीचं कोडं इथेच सुटतं. डायोड थंड झाला की त्याची तरंगलांबी सरकते, दर अंशाला साधारण ०.३ नॅनोमीटर. वीस अंशांनी तापमान उतरलं तर ८०८ चा ८०२ होतो. स्फटिकाला तो तितकासा पचत नाही. १०६४ कमी होतो आणि हिरवा तर झपाट्याने खाली येतो. पण डायोड सुरूच असतो. न पचलेला इन्फ्रारेड तसाच पुढे जातो.

हे त्याने बोलून दाखवलं तेव्हा मला खरं भय वाटलं. लेझर एका पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवला, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी, पाऊण तास. बाहेर काढून पुन्हा सीडीवर लावला. हिरवे ठिपके मंदावलेले, जंगलात दिसले होते तसेच. मधला जांभळट ठिपका मात्र आधीपेक्षाही ठळक. पुढच्या आठवड्यात त्याने प्रयोगशाळेतल्या पॉवर मीटरवर आकडे घेऊन पाठवले. खोलीच्या तापमानाला हिरवा ११ मिलिवॉट आणि इन्फ्रारेड ७. थंड केल्यावर हिरवा दीड आणि इन्फ्रारेड १३. स्टिकर म्हणत होतं पाचपेक्षा कमी.

म्हणजे त्या रविवारी जंगलात मी ‘हा मेला, काही कामाचा नाही’ असं समजून झाडाच्या खोडावर जो लेझर पुन्हा पुन्हा दाबून बघत होतो, तो मंद दिसत असतानाच जास्त घातक होता. प्रखर हिरवा डोळ्यावर आला तर पापणी पाव सेकंदात मिटते, मान वळते. इन्फ्रारेड दिसतच नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही. पण डोळ्याचं भिंग त्याला डोळ्याच्या आतल्या पडद्यावर तितक्याच चोख एकवटतं. आणि आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवर असलेले पॉलिकार्बोनेटचे स्वच्छ गॉगल बीबी अडवतात, लेझर नाही. हिरवा आणि इन्फ्रारेड दोन्ही त्यातून आरपार जातात.

हे एकट्या माझ्या नशिबी आलं असंही नव्हे. एनआयएसटीनेच २०१३ मध्ये १२२ पॉइंटर तपासल्याचं जाहीर केलं होतं. त्यातले हिरव्यांपैकी ९० टक्के आणि लालपैकी ४४ टक्के नियमाबाहेर निघाले.

मी लेझरचा नाद सोडून देणार होतो. मित्रच म्हणाला, ‘सोडू नको ना, नीट निवड.’ मग खरी निवड सुरू झाली आणि तिला दीड महिना लागला.

आधी मैदानाला फोन केला. हे मी सगळ्यात शेवटी करायचो, आता सगळ्यात आधी करतो. आमच्या मैदानाचा मुख्य मार्शल, म्हणजे नियम आणि सुरक्षा बघणारा माणूस, शांतपणे बोलला. लेझर फक्त क्लास २ चा, म्हणजे १ मिलिवॉटपर्यंत. सकाळी वेग मोजताना तोही दाखवायचा. वापर फक्त कंटेनरच्या वस्तीत, छातीच्या वर रोखायचा नाही, आणि बंदुका ठेवायच्या तंबूत तो पिस्तुलावरून काढून ठेवायचा. उघड्या जंगलात नाही. त्याने आणखी एक सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. ब्रिटनमध्ये २०१८ च्या कायद्याने वाहनावर किंवा विमानावर लेझर मारून चालकाला दिपवणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. आमच्या जंगलावरून छोटी विमानं जातात. काही मैदानं लेझरला पूर्ण मनाई करतात. त्यांचं चुकतं असं मला आता वाटत नाही.

क्लास २ म्हटल्यावर माझा पहिला प्रश्न होता की १ मिलिवॉट दिसेल का? इथे हिरव्याचा खरा फायदा कळला. लोक हिरवा घेतात तो ‘जास्त पॉवर’च्या मोहाने. खरं तर हिरवा घ्यायचा तो कमी पॉवरमध्ये भागतं म्हणून. १ मिलिवॉटचा हिरवा, ५ मिलिवॉटच्या ६५० नॅनोमीटरच्या लालपेक्षाही उजळ दिसतो.

दुसरा मुद्दा डायोडचा. आता थेट हिरवा प्रकाश देणारे डायोड मिळतात, साधारण ५२० नॅनोमीटरचे. ना स्फटिकांची साखळी, ना मागे इन्फ्रारेड. डोळ्याला ५२० हा ५३२ पेक्षा थोडा फिका, ७१ टक्के. पण थंडीत तो दगा देत नाही. जाहिरातीत ‘५३२’ लिहिलेलं असेल तर स्फटिकवाला समजायचा, ‘५२०’ किंवा ‘५१५’ असेल तर थेट डायोडवाला. या एका आकड्याने माझी यादी निम्म्याहून कमी झाली. ज्या विक्रेत्यांनी आकडाच दिला नव्हता त्यांना मी लिहून विचारलं. चौघांपैकी दोघांनी उत्तर दिलं. एकाने लिहिलं, ‘खूप शक्तिशाली, काळजी नको.’ तो तिथेच बाद.

मग बटण. याला कोणी महत्त्व देत नाही, पण माझ्या लेखी हे फार मोठं आहे. काही लेझरचं बटण एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. धावपळीत ते चालूच राहतं आणि आपण पिस्तूल कमरेला लावून मोकळे. मला हवं होतं दाबून धरलं तरच पेटणारं. बोट उचललं की विझलं पाहिजे. यात खेळाचाही फायदा आहे. कंटेनरमध्ये कोणी धुराची नळकांडी फोडली की धुरात हिरवी रेघ सरळ माझ्या हातापर्यंत दिसते. जितका कमी वेळ पेटेल तितकं बरं.

सेलच्या बाबतीत बटणाएवढे एलआर४४ चालणारे दोन लेझर मी नाकारले. हिरव्या डायोडला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं आणि अल्कलाइन बटणसेल थंडीत लवकर मान टाकतात. सीआर२ हा ३ व्होल्टचा लिथियम सेल थोडा महाग, पण गारठ्यात टिकतो.

शेवटी जो घेतला त्याला ऐंशी पौंडांच्या वर मोजावे लागले. लेबलवर तरंगलांबी ५२०, १ मिलिवॉटपेक्षा कमी, क्लास २, लेझर-सुरक्षेच्या मानकाचा क्रमांक ६०८२५-१, बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता. आल्याबरोबर लेबलवर विश्वास न ठेवता आधी सीडी, मग फ्रिज. मधली जागा कॅमेऱ्यातही कोरी राहिली. मित्राच्या मीटरवर ०.८ मिलिवॉट, खोलीत आणि थंडीत जवळपास सारखाच.

तो रेलवर बसवला आणि पिस्तूल म्यानात जाईना. नळीखाली चार सेंटिमीटरचा ठोकळा वाढला होता. रुंद तोंडाचं म्यान वेगळं घ्यावं लागलं, आणखी पंचवीस पौंड. लेझर घेण्याआधी म्यानाचा विचार करा.

मग नेम जुळवणं. आमच्या गावच्या जत्रेत फुगे फोडायचा गाडा असायचा, छऱ्याची बंदूक, पाच रुपयांत दहा छरे. माशी हमखास वाकडी. माझे मामा पहिला छर्रा कधीच फुग्यावर मारायचे नाहीत. फळीवर एखादा डाग बघायचे, त्यावर मारायचे आणि छर्रा कुठे गेला ते बघून पुढचे नऊ फुगे फोडायचे. ‘आधी बंदूक कुठं मारती ते बघ,’ म्हणायचे. लेझर जुळवताना हेच करायचं असतं, फक्त इथे स्क्रू फिरवायला एक बारीक अ‍ॅलन की मिळते.

लेझर नळीच्या चार सेंटिमीटर खाली आहे. दोघांच्या रेषा समांतर ठेवल्या तर ठिपका कायम चार सेंटिमीटर खाली पडेल. मी त्या दहा मीटरवर एकत्र येतील अशा लावल्या. मग पाच मीटरवर ठिपका गोळीच्या दोन सेंटिमीटर खाली, पंधरा मीटरवर दोन सेंटिमीटर वर. कंटेनरमध्ये यापेक्षा लांब बघायलाच मिळत नाही. पिस्तूल दोन वाळूच्या पिशव्यांमध्ये टेकवलं, कागदावर पेन्सिलीने फुली मारली, पाच गोळ्या सोडल्या, त्यांचा मध्य काढला, आणि गोळ्या नाही तर ठिपका त्या मध्यावर आणला. लोक उलटं करतात, ठिपक्याकडे गोळ्या न्यायला बघतात. गोळीची वाट तिला उलटी फिरकी देणारा आतला हॉप-अप रबर ठरवतो, लेझर नाही. म्हणून हॉप-अप आधी नीट करायचा आणि मग त्याला हात लावायचा नाही. बीबीचं वजन बदललं तर सगळं पुन्हा.

डिसेंबरच्या शेवटच्या खेळाला, दुपारी साडेतीनला, कंटेनरच्या गल्लीत अंधारून आलं होतं. तापमान दोन अंश. कोपऱ्यावरून वळताना समोर आठ-नऊ मीटरवर दारात एक खेळाडू पाठमोरा. मी बटण दाबलं. त्याच्या जॅकेटवर खांद्याच्या खाली, पाठीच्या मधोमध, मुगाच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका, कडा स्पष्ट. चष्म्याच्या वरच्या भागातून बघत होतो, माशी शोधावी लागली नाही. एक गोळी सोडली आणि बोट उचललं. त्याने हात वर केला, ‘हिट!’ म्हणाला आणि वळून हसला.

उन्हात मात्र हा लेझर जवळजवळ निरुपयोगी आहे. मोकळ्यावर सहा-सात मीटरच्या पुढे ठिपका शोधावा लागतो. मला त्याची हरकत नाही, तिथे तो वापरायचाच नाही.

जुना लेझर मित्राने प्रयोगशाळेत उघडला. डायोड काढून टाकला आणि दोन्ही स्फटिक एका काचेच्या कुपीत घालून मुलासाठी पाठवले. दोन्ही मिळून तांदळाच्या कणीएवढे. एकात हलकी जांभळी झाक, दुसरा पाण्यासारखा स्वच्छ. गाळणी त्यात नव्हती. मुलाने कुपीवर चिकटपट्टी लावून लिहिलंय: ८०८, १०६४, ५३२. ती त्याच्या टेबलावर, दिव्याखाली असते.